आधी न्याहारी, मग कोंबडा

जगभर पेत्र आधी चुकतो आणि मग त्याला क्षमा मिळते. बाइंडरीणबाईंच्या घरात तसं नव्हतं. तिथे पेत्राला आधी क्षमा मिळायची, तीही भाजलेल्या माशांच्या न्याहारीसकट, आणि त्यानंतर बऱ्याच दिवसांनी तो चूक करायचा. दर वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात त्या घरात रोज संध्याकाळी एक पुस्तक मोठ्याने वाचलं जायचं, आणि दर वर्षी पेत्राचं हे असं उलटं व्हायचं. घरातल्या कुणाला त्यात वावगं वाटत नसे. पाहुण्यांना वाटे, पण पाहुण्यांचं काय, ते चहा पिऊन जातात.

मूळ गोष्ट अगदी सरळ आहे. येशूला पकडून नेलं तेव्हा त्याचा जिवलग शिष्य पेत्र मागोमाग गेला आणि अंगणातल्या शेकोटीपाशी हात शेकत उभा राहिला. एका दासीने त्याला ओळखलं. "हासुद्धा त्याच्याबरोबरचाच," ती म्हणाली. पेत्राने जिवाच्या भीतीने कानांवर हात ठेवले. असा कोणी माणूस आपल्याला माहीतच नाही म्हणाला. मग कोंबडा आरवला आणि आपण काय करून बसलो ते कळून तो ढसाढसा रडला. पुढे येशू मरणातून उठल्यावर एका सकाळी सरोवराच्या काठी त्यानेच विस्तव पेटवला, मासे भाजले आणि पेत्राला न्याहारीला बसवलं. मागचं काही उकरून न काढता त्याला पुन्हा आपलं म्हटलं.

हे सगळं उलटं झालं ते बाइंडरीणबाईंच्या हातून, आणि ज्या दिवशी झालं त्या दिवशी त्यांना कोणी दोष देणं शक्यच नव्हतं.

बाइंडर नवरा होता, म्हणून त्या बाइंडरीण. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत कामाचा पसारा असे. भिंतीला लागून पुठ्ठे उभे, कोपऱ्यात दाबयंत्र, खिडकीखाली खळीचं पातेलं, आणि मधोमध एक लांबलचक टेबल. छापखान्यातून मोठाले कागद यायचे. ते घडी घालून घालून सोळा पानांचा एक गठ्ठा होई, त्याला फर्मा म्हणतात. एकेका फर्म्याच्या थप्प्या टेबलावर ओळीने मांडायच्या, मग टेबलाभोवती फिरत प्रत्येक थप्पीतून एक एक उचलत जायचं, की एक पुस्तक जुळतं. हे जुळवणं आणि शिवणं बाईंचं काम. पुठ्ठा, पाठ आणि गिऱ्हाइकाशी हुज्जत हे बाइंडरचं.

त्या वर्षी चर्चच्या पाळकसाहेबांनी उपवासकाळासाठी एक पुस्तक छापून घेतलं होतं. रोज एक पाठ, चाळीस दिवसांचे चाळीस, सगळे पेत्राच्या मागोमाग चालणारे. पुस्तक कुणी लिहिलं ते पाळकसाहेबांनी कधी सांगितलं नाही, त्यामुळे सगळ्यांनी ते त्यांनीच लिहिलं असं धरून ठेवलं. बांधणीचं काम बाइंडरकडे आलं. बाईंचे दिवस भरलेले. नणंद, म्हणजे आत्याबाई, वरच्याच मजल्यावर राहायची आणि इस्पितळात नर्स होती. तिने बजावलं होतं, "आता टेबलाभोवती प्रदक्षिणा पुरे. पाय वर करून पड." पण पडून राहिलं की बाईंच्या डोक्यात नाही नाही ते यायचं. बाळाची नाळ गळ्याला अडकली असेल. बाळ हलत नाहीये. बाळ फारच हलतंय. त्यापेक्षा चाललेलं बरं, म्हणून त्या उठल्या आणि फर्मे उचलत फिरू लागल्या.

कळ आली ती नेमकी टेबलाच्या अर्ध्यावर. त्यांनी टेबल धरलं, दम घेतला, पुढे गेल्या, पुन्हा थांबल्या. हातात दोन फर्मे होते. कुठला आधी, कुठला नंतर हे बघण्याची शुद्ध कोणाला होती? एक ह्या जागी सारला, दुसरा त्या जागी, आणि हाक मारली, "ताई!"

भिंगरी त्याच दिवशी झाली. तिचं नाव अर्थातच वेगळं होतं, पण पाय फुटल्यापासून ती एका जागी म्हणून टिकली नाही, तेव्हा भिंगरीच पडलं. इकडे बाइंडरने आनंदाच्या भरात टेबलावर जुळून पडलेली पुस्तकं भराभर शिवली, पुठ्ठे चढवले, आणि मुलीच्या जन्माची आठवण म्हणून त्यातलं सगळ्यात वरचं पुस्तक घरात ठेवून घेतलं. ते नेमकं तेच.

चूक कळली पुढच्या वर्षी. बाईंच्या मांडीवर मुलगी, समोर आत्याबाई, आणि बाइंडर खणखणीत आवाजात वाचतोय: "पेत्र शेकोटीपाशी गेला आणि हात शेकत उभा राहिला. तेवढ्यात..." त्याने पान उलटलं. "...येशू त्याला म्हणाला, ये, बस, आधी दोन घास खाऊन घे."

"अहो, दोन पानं एकदम उलटलीत," बाई म्हणाल्या.

"नाही उलटली."

"चिकटली असतील मग. खळ जास्त झाली की चिकटतात."

"माझी खळ कधी जास्त होत नाही." त्याने पानांचे आकडे पाहिले, पुढे चाळलं, मागे चाळलं, आणि एकदम असा हसत सुटला की चष्मा नाकावरून घसरून पुस्तकात पडला. शेवटचा फर्मा मधे आला होता आणि मधला शेवटी गेला होता. पुस्तकाच्या ऐन मध्यावर ठसठशीत अक्षरांत "समाप्त" छापलेलं, आणि त्याच्या पुढच्या पानावर कुठल्या तरी वाक्याचं शेपूट: "अंधारच होता." आणि सगळ्यात शेवटी, कोंबडा आरवून पेत्र बाहेर जातो, ढसाढसा रडतो, आणि शेवटची ओळ अशी: "बाहेर अजून". बस. त्यानंतर पुठ्ठा.

"जुळणी कोणाची ही?" बाइंडरने डोळे पुसत विचारलं.

"माझीच. त्या दिवशीची," बाई ओशाळून म्हणाल्या.

आत्याबाईने मांडीवरच्या भिंगरीचा गालगुच्चा घेतला. "ही बया जन्माला येता येता पेत्राचा निकाल लावून आली."

"आत्ताच्या आत्ता उसवा आणि नीट शिवा," बाई म्हणाल्या. "माझ्या जिवाला घोर लागेल. देवाधर्माचं पुस्तक, आणि असं?"

"गिऱ्हाइकाचं असतं तर आधी उसवलं असतं, मग हसलो असतो. हे आपलं आहे. राहू दे."

"पाळकसाहेबांनी पाहिलं तर?"

"तर सांग, आमच्याकडे समाप्त झाल्यावरच खरं सुरू होतं."

असं ते राहिलं. पुढे बाईंना कळलं की नवऱ्याला ते मोडवत नव्हतं. पुस्तकाच्या पाठीवर त्याने मुलीच्या जन्माची तारीख सोनेरी अक्षरांत ठोकली होती.

मग वर्षांमागून वर्षं गेली. भस्म बुधवारी उपवासकाळ सुरू झाला की संध्याकाळी टेबल पुसून मोकळं व्हायचं. खळीचं पातेलं झाकून बाजूला, दाभणं डब्यात, कातरणं कोपऱ्यात. तरी खळीचा तो आंबूस वास राहायचाच. भिंगरी मोठेपणीही म्हणायची की उपवासकाळाचा वास म्हणजे खळीचा वास. प्रत्येकाने एकेक पान वाचायचं. बाइंडर वाचायचा तो चर्चमधल्या मंडळीपुढे वाचल्यासारखा. आत्याबाई वाचायची ती रोग्याचा ताप सांगावा तशी, सपाट. बाई वाचता वाचता थांबायच्या आणि विचारायच्या, "पेत्राच्या बायकोला कोणी कळवलं असेल का हो, की हा कुठे आहे?" भिंगरी टेबलाभोवती फिरत फिरत ऐकायची आणि तिची पाळी आली की पुस्तकाशी येऊन उभ्याउभ्याच वाचायची.

शेवटचं पान मात्र ठरलेलं. ईस्टरच्या आदल्या संध्याकाळचं ते पान घरातल्या सगळ्यात धाकट्याने वाचायचं, म्हणजे भिंगरीनेच. आणि वाक्य अर्धवट असल्यामुळे ते तिनेच पुरं करायचं. ही बाइंडरची शक्कल. पहिल्यांदा वाचायला आलं त्या वर्षी ती "बाहेर अजून" पर्यंत आली, पुढे पुठ्ठा बघून गोंधळली आणि म्हणाली, "बाहेर अजून... आइस्क्रीमवाला होता." आत्याबाईला ठसका लागला. पुढच्या वर्षी बाहेर अजून कुत्र्याची पिल्लं होती. एका वर्षी बाहेर अजून गणिताची बाई उभी होती, तेव्हा पेत्राच्या रडण्याचं कारण सगळ्यांना पटलं.

एकदाच काय ते बिनसलं. भिंगरी जरा समजत्या वयाची झाली होती. पेत्राचं रडणं वाचता वाचता तिलाच रडू फुटलं. "ह्याला आता कोण माफ करणार? पुस्तक तर संपलं!"

बाइंडरने तिला जवळ ओढलं. "वेडी का तू? ह्याची न्याहारी आधीच झाली आहे की. विसरलीस? आपल्या घरात काळजी नाही. आधी न्याहारी, मग कोंबडा."

हेच डोक्यात घेऊन ती रविवारच्या शाळेत गेली आणि शिक्षिकेशी वाद घालून आली. पेत्राला आधी जेवू घातलं होतं, मग तो खोटं बोलला, हे तिने हात वर करून ठणकावून सांगितलं. शिक्षिकेने बाईंना बोलावून घेतलं. बाई रात्रंदिवस काळजी करणाऱ्या. शाळेचा निरोप आला म्हणजे मुलगी जिन्यावरून पडली असंच धरून धावत गेल्या. कारण कळल्यावर त्यांनी सुटकेचा एवढा मोठा उसासा टाकला की शिक्षिका म्हणाली, "तुम्हाला हे गंभीर वाटत नाही का?"

"वाटतं ना," बाई म्हणाल्या, "पण हाड मोडलं नाही ना कुठलं!"

बाईंची काळजी हा त्या घरातला कायमचा विनोद होता. वारा सुटला की त्या खिडकीत. उशीर झाला की दारात. भिंगरी सहलीला गेली की बस परत येईपर्यंत त्या शिवत बसायच्या, आणि त्या दिवशीची शिवण इतकी घट्ट व्हायची की बाइंडर म्हणायचा, "हे पुस्तक उघडायला गिऱ्हाइकाला दोन माणसं लागतील." तो गेला तेव्हा हा विनोदही घरातून गेला. मग काळजी तेवढी उरली.

वाचन मात्र थांबलं नाही. तिघी बायका वाचायच्या. भिंगरी शिकली, पुस्तकांची मुखपृष्ठं करणाऱ्या एका कार्यालयात तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, तरी शेवटच्या पानाला ती न चुकता यायची. बाप गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी ती "बाहेर अजून" म्हणून थांबली, तिने खिडकीबाहेर पाहिलं आणि ती म्हणाली, "बाहेर अजून बाबांची सायकल होती." ती खरंच होती. अजून कोणी हलवली नव्हती.

आणि मग गेल्या पावसाळ्यानंतर ते घडलं.

दोन दिवस भिंगरीचा फोन लागला नाही. बाईंनी तिच्या कार्यालयात फोन केला. "मीटिंगमध्ये आहे." पुन्हा केला. "सांगतो." तिसऱ्यांदा केला तेव्हा मागून कोणी तरी हसल्याचं त्यांना ऐकू आलं, पण हसणं म्हणजे काही आजारपण नव्हे, हा विचार त्यांना सुचला नाही. त्यांनी डबा भरला, फडक्यात बांधला आणि सकाळची बस धरली.

काचेचं दार, थंडगार खोली, भिंतीवर मुखपृष्ठांच्या चौकटी. भिंगरी एका मोठ्या टेबलापाशी उभी होती, तिचे साहेब शेजारी, समोर दोन पाहुणे. बाई दारातच थांबल्या. अंगावर घरातली साधी साडी, नखांत वाळलेली खळ, दोऱ्याने कापून कापून खरखरीत झालेली बोटं, आणि त्यांत फडक्याची गाठ. साहेबांनी मान वळवली. "कोण गं?"

भिंगरीने आईकडे पाहिलं. मग साहेबांकडे. तिचे कान लाल झाले.

"ओळखीच्या बाइंडर आहेत," ती म्हणाली. "नमुना द्यायला आल्यात."

बाईंना समजायला एक क्षण लागला, जास्त नाही. "हो, नमुनाच," त्या म्हणाल्या. "ठेवून जाते. सवडीने बघा." त्यांनी डबा टेबलाच्या कडेला ठेवला, भिंगरीकडे न बघता नमस्कार केला आणि वळल्या. काचेचं दार मिटता मिटता साहेबांचा आवाज आला, "अरे, हा नमुना गरम कसा?"

परतीच्या बसमध्ये बसेपर्यंत बाईंच्या मनात एकच होतं: ताप नव्हता. चेहरा उतरलेला नव्हता. अंगावर स्वेटर होता. बस शहराबाहेर पडली, खिडकीत शेतं लागली, आणि मग कुठे त्यांच्या ध्यानात आलं की काय झालं. तेव्हा त्यांनी पदराचा बोळा तोंडाशी धरला. शेजारच्या बाईने विचारलं, "मळमळतंय का?" "हो," त्या म्हणाल्या.

त्यानंतर भिंगरी घरी आली नाही. फोन करायची, नाही असं नाही. "काम आहे गं." "पुढच्या महिन्यात बघते." डब्याचं नाव तिने काढलं नाही, आणि बाईंनी विचारलं नाही. राग म्हणाल तर बाईंच्या मनात नावाला नव्हता. त्यांना कळत होतं की मुलगी आईवर रुसून दूर राहिलेली नाही, शरमेने राहिली आहे, आणि शरम ही खळीसारखी असते. ओली आहे तोवर पानं सुटतात. वाळली की कागद फाटेल पण सुटणार नाही. ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी भिंगरीने येऊन आपलं पान वाचावं, एवढंच त्यांना हवं होतं. ती यंदा आली नाही तर पुढच्या वर्षी येणं अवघड, त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून अवघड, आणि मग तिचं घराशी नातं म्हणजे फोनवरचं एक "काम आहे गं" एवढंच उरेल.

त्यात यंदा पाळकसाहेबांनी, हे आता नवे होते, तरुण, ते जुनं पुस्तक पुन्हा छापून घेतलं. सगळ्या मंडळीने एका दिवशी एकच पाठ वाचावा अशी त्यांची इच्छा. घरटी दोन प्रती. बांधणी यंत्रावरची, गुळगुळीत, सगळे फर्मे जिथल्या तिथे.

"यंदा तरी सरळ वाचू या," आत्याबाई म्हणाली. ती आता निवृत्त झाली होती, गुडघे दुखायचे, पण रोज संध्याकाळी कठडा धरून खाली उतरायची. "मरायच्या आधी एकदा तरी पेत्राला नीट क्रमाने चुकलेला बघू दे मला."

"नको ताई. भिंगरी आली आणि तिचं पान जागेवर नसलं तर?"

"आली तर."

बाई कपाटाकडे गेल्या. त्यांनी जुनंच पुस्तक काढलं. नव्यातली एक प्रत कपाटात गेली. दुसरी त्यांनी कागदात गुंडाळली, वर भिंगरीचा पत्ता घातला आणि टपालात टाकली. आत चिठ्ठी घातली नाही. चार वेळा लिहिली आणि चार वेळा फाडली, कारण प्रत्येक वेळी शेवटी "जेवतेस ना वेळेवर?" असंच उतरायचं.

दोघींचं वाचन सुरू झालं. घर रिकामं वाटायचं. खळही आता क्वचितच शिजायची. बाई हौसेखातर कोणाची जुनी प्रार्थनापुस्तकं शिवून द्यायच्या तेवढंच. पण पुस्तक उघडलं की ते सगळे परत यायचे. फलाण्या पानावर बाइंडरच्या चहाचा गोल डाग, इथे तो वाचता वाचता नेहमी खोकायचा. ह्या पानाचा कोपरा भिंगरीने चावलेला. शेकोटीचं वाक्य आलं, पान उलटलं, आणि येशू पेत्राला म्हणाला, ये, बस, आधी दोन घास खाऊन घे. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून हसल्या, आणि मग बाईंनी चष्मा काढून पुसला.

"तिला फोन करू का?" त्यांनी विचारलं.

"करून काय सांगशील?"

"विचारीन, येतेस का म्हणून."

"आणि ती म्हणाली काम आहे, की तू उद्या सकाळची बस धरणार. पुन्हा नमुना घेऊन." आत्याबाई आवाज न चढवता म्हणाली. "अगं, जन्मभर तू तिच्या मागे पळालीस. एकदा तिला येऊ दे ना तुझ्यापर्यंत."

बाईंना जन्मात पुष्कळ कष्ट पडले होते, पण हे न करण्याचे कष्ट त्यांना नवे होते. फोन त्यांनी कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप घातलं. मग आत वाजला तर ऐकू येणार नाही म्हणून कुलूप काढलं. उत्तम शुक्रवार, येशूच्या मरणाचा दिवस, तोही गेला. भिंगरीचा फोन आला नाही. बाईंनी तिची खोली झाडली, चादर बदलली, मग मुद्दाम वाट बघितल्यासारखं दिसेल म्हणून जुनी चादर पुन्हा घातली.

शनिवारी संध्याकाळी टेबल पुसलं. आत्याबाई येऊन बसली. शेवटचा पाठ उघडला. सरोवराचा काठ आला, विस्तव पेटलेला, "आणि..." इथपर्यंत आत्याबाईने वाचलं. पुढचं पान भिंगरीचं.

दोघी थांबल्या.

"मी वाचू?" आत्याबाईने विचारलं.

"थोडं थांबू या."

"दिवा लाव निदान."

बाई दिवा लावायला उठल्या आणि बाहेरचं फाटक वाजलं. वाऱ्याने वाजावं तसं नव्हे. कोणी तरी ते उघडून तिथेच उभं राहिलं होतं, आत येत नव्हतं. बाईंचे पाय आपोआप दाराकडे निघाले. आत्याबाईने त्यांचा पदर धरला. "बस खाली," ती पुटपुटली. बाई बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या दाराकडे धावल्या नाहीत. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसून राहिल्या, एकदा कळ आली होती तेव्हा धरली होती तशी.

शेवटी पायरीवर पाऊल वाजलं.

भिंगरी दारात उभी. खांद्याला पिशवी, हातात तोच डबा, त्याच फडक्यात बांधलेला. फडकं धुऊन इस्त्री केलेलं.

"तुमचा नमुना परत आणलाय," ती म्हणाली, आणि हे म्हणायचं म्हणून वाटभर ठरवून आली असावी, कारण तेवढं बोलून पुढे तिला काहीच येईना.

"पसंत पडला का?" बाईंनी विचारलं.

"साहेबांनी खाल्ला सगळा. मला घासच गेला नाही."

"मेल्याला लाज नाही," आत्याबाई म्हणाली. "आत ये की. दारात काय उभी, पाहुणीसारखी?"

भिंगरी आत आली, पण नेहमीसारखी टेबलाभोवती फिरली नाही. सरळ खुर्ची ओढून बसली. तिला बसलेली बघून बाईंना उगाच भीती वाटली. "बरं आहे ना तुला?"

"आई, मी पण वाचत होते तिकडे. तू पाठवलेलं." तिने पिशवीतून नवं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. "ह्यात ते वाक्य पुरं आहे गं. 'बाहेर अजून अंधारच होता.' पूर्णविराम. मी कितीदा तरी वाचलं. पुढे म्हणायला काही ठेवलंच नाही त्यांनी."

बाइंडरच्या वेळेपासून "समाप्त"च्या पाठोपाठ 'अंधारच होता' हे दोन शब्द त्या घरात वाचले जात, कोणाच्या मालकीचे नसल्यासारखे. त्यांची जागा कुठली ते कोणी कधी शोधलं नव्हतं.

"तुझं पान राहिलंय," बाई म्हणाल्या, आणि जुनं पुस्तक तिच्याकडे सरकवलं.

भिंगरीने वाचायला सुरुवात केली. दासीने पेत्राकडे निरखून पाहिलं. हासुद्धा त्याच्याबरोबरचाच. तिथे ती थांबली आणि तिने ओळीवर बोट टेकवलं. बाईंच्या तोंडात आलं होतं, "राहू दे, पाणी पी आधी," पण त्यांनी ओठ मिटून घेतले. भिंगरीने पुढे वाचलं. पेत्र म्हणाला, असा कोणी माणूस मला माहीत नाही. तिने ते वाक्य सावकाश वाचलं, एकही शब्द न गिळता, आणि वाचताना पुस्तकाकडे नव्हे तर आईकडे पाहिलं. मग कोंबडा आरवला. पेत्र बाहेर गेला आणि ढसाढसा रडला.

"बाहेर अजून," भिंगरीने वाचलं. पुढे पुठ्ठा.

आत्याबाईने गुडघा चोळायचं थांबवलं.

"बाहेर अजून," भिंगरी पुन्हा म्हणाली, "त्याची आई डबा घेऊन उभी होती."

बाईंनी हात पुढे केला आणि तिच्या डोक्यावर ठेवला, त्याच खरखरीत बोटांनी. बोलली ती आत्याबाई, आणि तीही अगदी आपल्या भावाच्या ठसक्यात, जणू तोच टेबलाच्या त्या टोकाला बसून पुठ्ठा कापत होता:

"रडतेस काय गं? ह्याची न्याहारी आधीच झाली आहे की."

भिंगरी रडता रडता हसली. बाईंनी डबा उचलून पाहिला, हलका लागला, तरी सवयीने झाकण उघडून आत डोकावल्या. मग उठल्या. उद्या ईस्टर, सकाळी लवकर चर्चला निघायचं, आणि पोरीने प्रवासात काही खाल्लंही नसेल.

"अंडी उकडायला टाकते," त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "दोन खाशील की तीन?"